उसनं नाक

"साऱ्या गल्लीनं मिळून आजवर जितकी वाइन प्यायली नसेल, तितकी हिनं एकटीनं थुंकून टाकली आहे," असं शेजारी बूचमावशींबद्दल म्हणायचे. या म्हणण्यात थोडी चेष्टा होती, थोडी हळहळ होती, आणि तळमजल्यावरच्या शिंप्यापुरतं बोलायचं तर निखळ जळफळाट होता. "माझ्या नशिबी सुईदोरा आणि हिच्या नशिबी सोनं," तो गिऱ्हाइकांना सांगे, "आणि ही बया ते सोनं बादलीत थुंकते!" समोरच्या दारातल्या शिक्षकाच्या बायकोची तक्रार वेगळी होती. मावशींचा नवरा हयात होता तेव्हा त्या त्याच्याशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलत नसत, आणि तळघरातल्या बाटल्यांशी म्हणे तासन्‌तास गप्पा चालत. साठी उलटली तरी मावशींच्या चेहऱ्यावर फारशा सुरकुत्या नव्हत्या, त्याचंही स्पष्टीकरण गल्लीकडे तयार होतं : "कारखानेवाले हिलाही बाटल्यांबरोबर गारव्याला आडवी निजवत असणार."

मावशींच्या कानावर हे सगळं येत असे. त्या ऐकून घेत आणि जिना चढून वर जात. उत्तर द्यायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, असं त्यांचं मत होतं. आणि दिवसाचा त्यांना दुसरा उपयोग होता.

त्यांचं काम जुन्या बाटल्यांची बुचं बदलण्याचं. शहराच्या कडेला, चढावर, एक जुना वाइन कारखाना होता. वर बाटल्या भरायची शेड आणि लेबलांचं लांबलचक टेबल. खाली दगडी तळघर, त्यात अरुंद बोळ आणि दोन्ही हातांना आडव्या रचलेल्या बाटल्यांच्या ओळी. कारखान्याची ख्याती होती ती गोड वाइनसाठी. तिची द्राक्षं वेळेवर तोडत नाहीत. वेलीवरच राहू देतात. धुक्याच्या दिवसांत सालीवर करडी बुरशी धरते, ती आतलं पाणी पिऊन टाकते, मणी सुरकुततो आणि मागे उरतो तो बहुतेक गोडवाच. अशा मण्यांची वाइन जेवणानंतर इवल्याशा पेल्यातून घेतात, आणि ती माणसाच्या निम्म्या आयुष्याइतकी सहज टिकते.

टिकते म्हणजे आहे तशी राहते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. या बाबतीत मावशी एरवी कधी होत नसत इतक्या बोलत्या होत. "साखर तिला सांभाळते आणि आंबटपणा तिला उभं ठेवतो," त्या सांगत. "पहिल्या काही वर्षांत ती गवताच्या काडीसारखी फिकी असते. मध, फुलं, संत्र्याची साल, सगळं एकदम बोलत असते, नव्या नवरीच्या मैत्रिणींसारखी. मग एक दिवस गप्पच होते. पेल्यात ओता, नाक लावा, काही नाही. नवखा माणूस म्हणतो, मेली. मेलेली नसते, मुकी झालेली असते. पाच वर्षं म्हणा, दहा म्हणा, तिची मर्जी. आणि पुन्हा बोलायला लागते तेव्हा आवाजच बदललेला असतो. सुका जर्दाळू, अक्रोड, जळायच्या बेतात आलेली साखर. रंग तांबूस होतो, मग कोऱ्या चहासारखा. गोडी होती तेवढीच असते, पण जिभेला कमी वाटते, कारण तिच्या सोबतीला आता बाकीचं इतकं काही आलेलं असतं."

वाइन टिकते, पण बूच तितकं टिकत नाही. ते शेवटी झाडाच्या सालीचं. तीस-चाळीस वर्षांत मऊ पडतं, कडेनं झिरपू लागतं. वाइन बाटलीच्या गळ्यातून खांद्यापर्यंत उतरते आणि तिच्या जागी हवा शिरते. म्हणून मुदतीआधी जुनं बूच काढायचं, वास घ्यायचा, थेंबभर चाखून थुंकायचा, कमी झालेली वाइन भरायची आणि नवं बूच ठोकायचं. भरायची ती वाइन त्याच सालची हवी. त्यासाठी प्रत्येक ओळीतली एक बाटली बळी जाते. तिला तळघरात भरणीची बाटली म्हणत. भरणीची बाटली चांगली निघाली तर साऱ्या ओळीला आणखी तीस वर्षं मिळतात. तिला कुबट वास असेल तर तो एकीतून सगळ्यांत जातो. म्हणजे सगळा खेळ नाकाचा.

मावशींचं नाक थोरल्या मालकांनी हेरलं होतं. लग्न होऊन त्या शहरात आल्या आणि कारखान्यात बाटल्या धुवायला लागल्या. एके दिवशी धुतलेल्या ढिगातली एक बाटली त्यांनी बाजूला काढून ठेवली. "हिच्यात कुणीतरी कधीतरी रॉकेल ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. थोरल्या मालकांनी बाटली हुंगली, त्यांना काही लागलं नाही. त्यांनी ती तळघरातल्या जुन्या माणसाला दिली, त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मावशी खाली. नवरा मालधक्क्यावर हमाल होता, अबोल आणि भला. तो अकाली गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. मावशींनी त्याला वाढवला, ट्रक चालवायचा परवाना काढून दिला, त्याचं लग्न करून दिलं, आणि या सगळ्या काळात एकाही थंडीत त्यांनी बुचांचं काम चुकवलं नाही.

तळघरातल्या सगळ्या ओळींत त्यांची खास जिवाभावाची एक ओळ होती. त्या कामाला लागल्या त्याच वर्षी गारांनी निम्मी द्राक्षबाग झोडपली होती. जी थोडी द्राक्षं वाचली त्यांची वाइन अशी उतरली की थोरले मालक घोट घेऊन खुर्चीत बसूनच राहिले. त्या बाटल्या मावशींनी स्वतः भरल्या होत्या. तळघरात त्यांना नुसतं 'गारांच्या' म्हणत. त्यांचं पहिलं बूच अजून तसंच होतं, आणि आता ते थकलं होतं.

तर झालं असं, की एका थंडीत मावशींना ताप आला. तो अंगात मुरला, रेंगाळला, आणि गेला तेव्हा जाताना नाक घेऊन गेला. ही गोष्ट उघड झाली ती स्वयंपाकघरात. शेगडीवरची भाजी करपून धूर जिन्यात पोचला, शिक्षकाची बायको धावत आली, तर मावशी शेगडीपासून हातभर अंतरावर खिडकीकडे तोंड करून बसलेल्या. "जरा डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. तेवढ्यात सून कामावरून परतली. तिनं दारातूनच पाहिलं : मावशींच्या मांडीवर सोललेल्या वाटाण्यांचं भांडं होतं आणि बोटं अजून शेंग उकलत होती. झोपेत वाटाणे कोण सोलतं?  पण तिनं नुसतं करपलेलं भांडं शेगडीवरून उचललं आणि नळाखाली धरलं.

सासू-सुनांचं भांडण होतं असं म्हणता येणार नाही. भांडायला बोलावं लागतं. सून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत कपडे तपासायच्या टेबलावर होती. सासू तळघराचा ओलसर वास घेऊन घरी येते, ही तिची तक्रार. सून नाक मुरडते, ही सासूची. दोघींमधला बराचसा व्यवहार भांड्यांच्या आवाजावर चाले.

"येईल परत," मावशींनी नाकाबद्दल ठरवून टाकलं आणि त्या पुढच्या हंगामाला खाली उतरल्या. जीभ शाबूत होती. गोड, आंबट, कडू कळत होतं. डोळे शाबूत होते. पण कुबट वास जिभेला कळत नाही. गारांच्यांहून जरा तरुण असलेल्या एका ओळीसाठी त्यांनी भरणीची बाटली निवडली, रंग पाहिला, थेंब चाखला, गोड लागला, आणि ती वाइन त्यांनी एकेका बाटलीत वाटून टाकली. पुढे पाहुण्यांसमोर त्यातली एक उघडली गेली तेव्हा पेल्यातून भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. दुसरी उघडली, तोच. अख्खी ओळ गेली होती.

थोरल्या मालकांची मुलगी आता कारखाना पाहत असे. तिला मावशींनी तळघरात लपाछपी खेळताना पाहिलं होतं. ती ओरडली नाही. शेडमध्ये, भरायच्या यंत्राजवळ उभं राहून तिनं विचारलं, "मावशी, काय झालं?"

"नाक गेलंय, बाई. तापात गेलं. येईल वाटलं होतं."

"मला सांगायचं ना."

"सांगायला हवं होतं."

 मावशींना वर लेबलांच्या टेबलावरचं काम मिळालं. गारांच्या बाटल्यांचं काय, हे मालकीणबाईंनी स्वतःच सांगितलं. वाइन खांद्याच्याही खाली उतरू लागली होती. ही थंडी गेली की ती आंबून तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, व्हायला लागला असता. बाहेरून तज्ज्ञ बोलावण्याची ऐपत या वर्षी नव्हती. एक केकचा कारखाना सगळी ओळ घ्यायला तयार होता. "केकात भिजवतील. निदान कुणाच्या पोटात तरी जाईल," मालकीणबाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

मावशींनी हातातलं लेबल सरळ चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं. "उन्हाळा लागेपर्यंत थांबा, बाई. मी नाक आणते."

"कुठून आणणार?"

"घरून."

त्या संध्याकाळी सून भाकऱ्या आटपून हात पुसत होती. मावशी दारात उभ्या राहिल्या. आढेवेढे त्यांना कधी जमले नव्हते.

"सूनबाई, तुझं नाक हवंय मला."

"का? तुमच्यासमोर घासायचं राहिलंय का अजून?"

"घासायचं नाही. हुंगायचं."

मुलगा पलीकडच्या खोलीत बूट काढत होता, तो तिथूनच हसला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या घरात कुणाचं नाक खुपसणं कामी येतंय!"

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि आपण एकदम बोललो हे लक्षात येऊन दोघी जरा चपापल्या.

मावशींनी सगळं सांगितलं : ताप, गेलेली ओळ, गारांच्या बाटल्या, केकचा कारखाना. सून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला ठाऊक होतं. भाजी करपली त्या दिवशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'डोळा लागला' म्हणालात. सासूला खोटं पाडू?"

"पाडायचं होतंस. एक ओळ वाचली असती."

सुनेनं हात पुन्हा पुसले. "मला वाइनमधलं काही कळत नाही, आई. चव कळत नाही, नावं माहीत नाहीत."

"नावांचं मी बघते. टॉवेल आतून ओला राहिलाय हे तू हात न लावता सांगतेस की नाही?"

"लॉन्ड्रीतून माझ्या नाकाखालून एकही ओला टॉवेल बाहेर गेलेला नाही," सून म्हणाली, आणि त्यात तिचा होकार होता.

मग स्वयंपाकघराच्या टेबलावर बरण्या मांडल्या गेल्या. भिजवलेला पुठ्ठा, शिरका, मध, अक्रोडाची टरफलं, करपू लागलेली साखर, विझवलेली मेणबत्ती. सुनेनं डोळे मिटून हुंगायचं आणि सांगायचं. ओळखण्यात तिची चूक होत नसे. अडचण सांगण्यात होती. तिच्याकडे शब्द होते ते लॉन्ड्रीचे. करपू लागलेली साखर तिला 'सुती कापडावर जास्त वेळ राहिलेल्या इस्त्रीसारखी' वाटे, आणि मध 'ऊन खाल्लेल्या गादीच्या कापसासारखा'. मावशी आधी वैतागल्या. "मध म्हण ना! समोर मध आहे!" पण हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की तळघरात समोर मध नसणार. तिथं जे असेल ते या मुलीच्या तोंडून जसं येईल तसंच ऐकावं लागेल. तेव्हा शिकायचं कुणी, हा प्रश्न मिटला. सासूनं कंबर कसली आणि सुनेची भाषा शिकायला घेतली.

मालकीणबाईंनी परीक्षा ठेवली, ते योग्यच होतं. शेडमधल्या टेबलावर पेले मांडले. काही चांगले, काही गेलेल्या ओळीतले. सुनेनं कुबट तेवढे सगळे वेगळे काढले. शिवाय आणखी एक काढला. "हा मेलाय," ती म्हणाली. "याला वासच नाही."

मालकीणबाईंनी मावशींकडे पाहिलं. तो पेला चांगल्या वाइनचा होता.

मावशींनी तो उजेडात धरला, जिभेवर थेंब घेतला, घोळवला, बादलीत थुंकला. "अजून सोनेरी आहे, म्हणजे वयानं मधलीच. गोडी शेवटपर्यंत टिकते, आंबटपणा ताठ आहे. मेली नाही ही. मुकी आहे."

"मेलेली आणि मुकी, मला फरक कळायचा नाही," सून हिरमुसून म्हणाली.

"तो मला कळतो. तू एवढंच सांग, वास वाईट आहे की वासच नाही."

मालकीणबाईंनी गारांच्या बाटल्या द्यायचं कबूल केलं. पण भरणीची बाटली निवडताना त्या हजर राहणार होत्या.

सुनेनं लॉन्ड्रीतून रजा काढली. तळघरात शिरताना तिनं सवयीनं नाक मुरडलं, आणि मग, आता तेच तर काम आहे हे आठवून, सरळ केलं. मावशींनी ओळीतली सगळ्यात भरलेली बाटली निवडली. तिच्या अंगावर वरच्या बाजूला चुन्याचा ठिपका होता. ठेवताना तीच बाजू वर राहावी, तळचा गाळ हलू नये, म्हणून तो त्यांनीच तरुणपणी लावला होता. दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या कडेनं हलके हलके आत सरकवून त्यांनी ते पिळत वर काढलं. पेल्यात थोडी ओतली. रंग असा, की मालकीणबाईंच्या तोंडून नुसता हुंकार निघाला.

सुनेनं नाक लावलं. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?" मावशींचा आवाज चढला. "रंग बघ! मी चाखलीय, खणखणीत आहे."

"चव असेल चांगली. पण मागे काहीतरी आहे. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटासारखं."

मालकीणबाईंनी पेला घेतला, बराच वेळ हुंगला. "मला तर काही वाटत नाही. मी ठेवली असती."

"मी माझ्या हातानं भरलीय ही," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या हाताला वास नाहीये, आई," सून म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती मागे हटली नाही. "बाटलीला आहे."

 मावशी त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. गारांच्या बाटल्या मोजक्याच होत्या, आणि इतकी भरलेली दुसरी नव्हती. ही टाकली तर भरणीसाठी कमी भरलेली घ्यावी लागणार. सगळ्यांना पुरेल की नाही हे सांगता येणार नव्हतं. सून बरोबर आहे हे तपासायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. रंग, जीभ, हात, मालकीणबाईंचं नाक, सगळं ठेवा म्हणत होतं.

"थोरले मालक काय म्हणायचे, बाई?" त्यांनी विचारलं.

मालकीणबाईंनी निःश्वास सोडला. "भरणीच्या बाटलीवर संशय आला तर ती भरणीची नाही."

मावशींनी बाटली उचलली, मोरीशी नेली आणि उपडी केली. ती रिकामी होईपर्यंत तशीच धरून ठेवली. सुनेनं तोंडावर हात धरला होता.

"आता दुसरी," मावशी म्हणाल्या.

दुसरीचं बूच अर्ध्यात तुटलं. ते काढताना मावशींच्या कपाळावर घाम आला. पेला सुनेच्या हातात गेला, आणि या वेळी ती इतका वेळ हुंगत राहिली की मावशींना राहवलं नाही.

"वाईट आहे?"

"नाही हो." सुनेनं डोळे मिटले. "लोकरीचे कपडे उन्हात घातल्यावर येतो तसा. मग ते सुकं फळ, केशरी..."

"जर्दाळू."

"जर्दाळू. मग इस्त्री. पण चांगली, करपायच्या आधीची."

"आणखी?"

"आणखी... लाकडी पेटीत ठेवलेली संत्र्याची साल."

"आणखी?"

सुनेनं डोळे उघडून सासूकडे पाहिलं, आणि तिला उमगलं की हा प्रश्न आता कामाचा राहिलेला नाही. तिनं पुन्हा नाक लावलं आणि सापडेल ते सगळं, एकेक करून, शांतपणे सांगितलं. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. हातात मात्र नवं बूच तयार होतं.

त्यानंतर काम चालत राहिलं. एक उघडायची, हुंगायची, चाखायची, भरायची, आणि हवेला फार वेळ न देता यंत्राची दांडी खाली ओढून बूच बसवायचं. काही बाटल्या आधीच गेलेल्या निघाल्या. त्या मोरीत गेल्या. एका बाटलीवरून दोघी कडकडून भांडल्या, आणि तीही मोरीत गेली. भरणीची वाइन ओळीच्या शेवटाला पुरली नाही, तेव्हा शेवटच्या दोन बाटल्यांची, एकीत दुसरी ओतून, एक करावी लागली. पण थंडी सरायच्या आत गारांची ओळ नव्या बुचांनिशी पुन्हा आडवी झाली. केकच्या कारखान्याला मालकीणबाईंनी नकार कळवला.

त्या दिवशी त्या दोघींसाठी स्वतः चहा घेऊन खाली आल्या. ओळीवरून नजर फिरवत, मनापासून म्हणाल्या, "सूनबाई, लॉन्ड्री सोडा आता. मी तुम्हाला इथंच घेते. आणि मावशी, तुम्ही खूप केलंत. आता गारठ्यात उतरू नका. वर लेबलांच्या टेबलाशी ऊब आहे, तिथं निवांत बसा. खालचं सूनबाई बघतील."

सुनेनं कप तसाच हातात धरला आणि सासूकडे पाहिलं. मावशींनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि पदराला हात पुसले.

"नुसता वास घेऊन बाटली बंद होत नाही, बाई. पुढच्या ओळीसाठी नवी बुचं उद्या सकाळी काढून ठेवा. आम्ही दोघी येतो."